आठ फुटांवरची आई

१

मास्तरांच्या स्टुडिओत कुणी फोटो काढायला आलं की आधी त्याला बसवायचं आणि मग विसरायचं, असा नियम होता. "त्याला वाटू दे आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही," मास्तर म्हणत. "म्हणजे चेहरा आपोआप ताळ्यावर येतो." तोवर ते खिडकीचं एक दार अर्धं लोटत, स्टुलामागच्या करड्या पडद्याची चुणी सरळ करत, उगाच घसा खाकरत. समोरचा कंटाळून एकदा खरोखर स्वतःसारखा दिसला, की बटण दाबलेलं असे.

स्टुडिओतलं स्टूल जमिनीला स्क्रूने पक्कं केलेलं होतं. तिथून समोरच्या भिंतीपर्यंत फरशीत पितळेची एक पट्टी बसवलेली होती आणि तिच्यावर मास्तरांनी स्वतः कानस घेऊन फुटाइंचाच्या खुणा पाडल्या होत्या. गल्लीत त्यांना मागून सगळे 'फूटपट्टी' म्हणत. ते त्यांना माहीत होतं, आणि आवडतही होतं.

त्यांची सून या घरात आली तेव्हा तिला फोटोतलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. एका रविवारी मास्तरांनी तिला स्टुलावर बसवलं आणि तीन फोटो काढले. पहिला दोन फुटांवरून, दुसरा आठ फुटांवरून, आणि तिसरा दार उघडून बोळात जाऊन, वीस फुटांवरून. तिन्ही वेळा लेन्स वेगळी लावली, म्हणजे चेहरा चौकटीत तेवढाच येईल. मग तिन्ही प्रिंट तिच्यासमोर ठेवले. पहिल्यात नाक आधी पोहोचलं होतं आणि बाई मागून येत होती. तिसऱ्यात कान पुढे सरकले होते, गाल पसरले होते, चेहरा ताटासारखा सपाट. मधल्या फोटोत मात्र ती होती. आरशातही इतकी कधी दिसली नव्हती.

"लेन्स बदलली म्हणून ना?" तिने विचारलं.

"सगळे तिथेच फसतात," मास्तर म्हणाले. "चौकटीत किती मावेल, ते लेन्स ठरवते. नाक आणि कान यांचं आपसात काय नातं, ते मात्र अंतर ठरवतं. आपण कुठे उभे राहिलो, त्यावर समोरचा माणूस कोण होतो ते ठरतं. घरातल्या माणसाने दारात उभं राहून घरातल्या माणसाकडे बघावं ना, तेवढे हे आठ फूट."

त्या दिवसापासून ती स्टुडिओत जी शिरली ती शिरलीच. अकरा वर्षांत तिने त्यांच्याकडून खूप काही घेतलं, पण तिला सगळ्यात अप्रूप होतं ते त्यांच्या एका खेळाचं. चहा पिताना ते वर्तमानपत्रातल्या कुठल्याही चेहऱ्यावर बोट ठेवत आणि तो किती अंतरावरून टिपलाय ते सांगत. "चार फूट. नाही, सव्वाचार." अनोळखी फोटोग्राफरला फोन लावून तिने दोनदा खात्री केली होती. दोन्ही वेळा मास्तर बरोबर. पुढे तिलाही ते जमू लागलं, अर्धा फूट इकडेतिकडे. वीस फुटांपलीकडे मात्र मास्तरही हात टेकत. तिथून पुढे चेहरा बदलायचा जवळजवळ थांबतो. वीस काय नि दोनशे काय, सारखंच दिसतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. एका सकाळी त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा स्वतःच्या गळ्यातून काढून तिच्या गळ्यात घातला आणि पेपर वाचायला बसले. बस, एवढाच काय तो निरोपसमारंभ.

२

सासूबाईंना ती आई म्हणत असे. आई म्हणजे स्टुडिओची दुसरी बाजू. छापून आलेल्या फोटोवर धुळीचे पांढरे ठिपके राहत, ते बारीक ब्रशने एकेक भरायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं. स्थूल अंगाच्या, बडबड्या, स्वतःच्या विनोदावर आधी स्वतः हसणाऱ्या.

त्या हसण्यातच सुनेला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. चौघं जेवायला बसली होती. आईंनी काहीतरी सांगितलं, खांदे हलले, डोळे मिटले, तोंड उघडलं. आणि मग, एका घासाच्या अंतराने, हसण्याचा आवाज आला.

तिला वाटलं आपलंच लक्ष नव्हतं. मग ती लक्ष देऊ लागली. कुणी काही विचारलं की आईंचं उत्तर जरा उशिराने येई, हे सगळ्यांना माहीत होतं. वय झालं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. पण ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, हे कुणी पाहिलं नव्हतं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कुणी खुंटा ठोकत असावं, हातोडा आधी पडलेला दिसावा आणि ठोका नंतर ऐकू यावा, तसं.

तिने नवऱ्याला सांगितलं. तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासून नंबर काढायचा. बाप अंतर मोजतो आणि मुलगा नंबर, असं गल्लीत सगळे म्हणत.

"टीव्हीवर नाही का होत कधी कधी?" तो म्हणाला. "चित्र पुढे, आवाज मागे."

"टीव्हीला केबल असते. आईंना कुठली केबल?"

तो हसला, पण दुसऱ्या दिवशी आईला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. कान शाळकरी मुलीसारखे निघाले. येताना त्याने दुकानात डोळेही तपासले, कारण आई वाटेत सहज बोलून गेल्या होत्या, "अरे, हल्ली तुम्ही सगळेच मला जरा लहान लहान दिसता." चष्म्याचा नंबर होता तोच होता.

जेवताना त्याने हे हसत सांगितलं. आईही हसल्या, नेहमीसारख्या, आवाजाच्या आधी. मास्तर मात्र हातातला घास खाली ठेवून बायकोकडे बघत राहिले. ती नजर सुनेच्या ओळखीची होती. वर्तमानपत्रातल्या चेहऱ्याकडे ते तसंच बघत.

३

लग्नाच्या वाढदिवशी मास्तर दर वर्षी बायकोचा एक फोटो काढत. त्या दिवशी स्टुडिओचं दार आतून लावलेलं असे आणि घरातलं दुसरं कुणी आत जात नसे. म्हातारा लाजतो, असा सगळ्यांचा समज होता.

त्या वर्षी सकाळी त्यांनी सुनेला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"माझ्या हाताने आता होणार नाही," ते म्हणाले. "एवढ्या जवळून तर नाहीच."

एवढ्या जवळून म्हणजे काय, हे तिला कळलं नाही. आई आधीच स्टुलावर बसल्या होत्या, निळ्या साडीत, हात मांडीवर. खिडकीतून स्वच्छ उजेड येत होता. तिने नेहमीची पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स लावली, ट्रायपॉड आठच्या खुणेवर उभा केला, आणि डोळा लावला.

या लेन्समधून, या अंतरावरून, चौकटीत डोक्यापासून छातीपर्यंत माणूस मावतो. हजारो वेळा तिने ते पाहिलं होतं. आज चौकटीत आख्ख्या आई होत्या, स्टुलासकट, बोटभर उंचीच्या. भोवती सगळी फरशी. मागे पडदा नव्हता. पडद्याचा करडा रंग होता, पण त्याला एकही चुणी नव्हती.

तिने डोळा काढला. आई आठ फुटांवर बसल्या होत्या. साडीच्या काठावरची नक्षीसुद्धा मोजता येत होती. तिने पुन्हा डोळा लावला. बोटभर आई. फोकस लागेना म्हणून ती लेन्सचं कडं फिरवत गेली, आठ फूट गेले, पंधरा, तीस, आणि अगदी शेवटच्या खुणेशी चित्र लख्ख झालं. ती खूण म्हणजे आडवा पडलेला आठ. त्यापुढे लेन्सला अंतरच माहीत नसतं.

"बाबा, लेन्स बिघडलीय."

"लेन्स ठीक आहे," मास्तर मागून म्हणाले. "पुढे सरक."

ती सहा फुटांवर आली. "अजून." चार. "अजून." कॅमेऱ्यातल्या आई हळूहळू मोठ्या होत होत्या. ट्रायपॉडचे पाय स्टुलाला अडले, तेव्हा तिने कॅमेरा सोडवून हातात घेतला. शेवटी लेन्सची काच आणि आईंचं नाक यांच्यात जेमतेम वीतभर जागा राहिली. आईंच्या अंगाचा साबणाचा वास येत होता. त्यांच्या श्वासाने काच धुरकटली, तिने पदराने पुसली. एवढ्या जवळून या लेन्सला कुणाचाही चेहरा दिसूच शकत नाही, नुसता धूसर गुलाबी डाग यायला हवा.

तिने डोळा लावला आणि आत आई होत्या. डोक्यापासून छातीपर्यंत. नाक नाकाच्या जागी, कान कानाच्या. प्रेमळ, थोड्या थकलेल्या, आता काहीतरी बोलतील अशा. दारात उभं राहून बघावं तशा.

तिने बटण दाबलं.

"आला?" मास्तरांनी विचारलं.

"आला."

"किती?"

तिने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर नाक बघितलं, कान बघितले. सवयीने उत्तर आधीच तयार होतं. "आठ फूट."

मास्तरांनी डोळे मिटून मान हलवली. आई म्हणाल्या, "झालं का? पाठ भरून आली माझी." म्हणजे त्यांचे ओठ तसे हलले. वाक्य नंतर आलं.

४

सून काही घाबरून गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने स्टुडिओ अर्धा तास उशिरा उघडला आणि स्टुलावर स्वतः बसून टायमर लावला. आठ फूट बरोबर आठ आले. नवऱ्याला कामावर जाता जाता पकडून बसवलं. आठ. समोरच्या शिंप्याला बोलावलं, त्याने फुकट फोटो मिळतोय म्हणून केस विंचरले. आठ.

मग तिने कपाटातली सगळ्यात लांब लेन्स काढली, दुरून लग्नातले विधी टिपायची, आणि आईंना म्हणाली, "आई, जरा बसता का? लेन्स तपासायचीय."

तिचं डोकं सरळ चाललं होतं. चित्र लहान येतंय ना, मग मोठं करू. त्यासाठीच तर लेन्स असतात. आठ फुटांवरून तिने ती लांब नळी आईंवर रोखली, आणि खरंच चौकट चेहऱ्याने भरून गेली.

पण तो चेहरा सपाट होता. कान पुढे आलेले, गाल पसरलेले, नाक गालांत मिसळलेलं. वीस फूट असतील, दोनशे असतील, त्याहूनही पुष्कळ असतील. तिथून पुढे चेहरा सांगत नाही. आणि डोळे तिच्याकडे बघत नव्हते. ते तिच्या दिशेने शोधत होते. नदीच्या पलीकडच्या काठावरून कुणीतरी हाक मारल्यासारखी वाटावी, पण माणूस दिसू नये, तसे बारीक केलेले.

तिने कॅमेरा खाली घेतला. समोर आई मजेत बसल्या होत्या आणि सरळ तिच्याकडे बघून हसत होत्या.

तो फोटो तिने मास्तरांना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि मग डाव्या हाताने, नीट बटण शोधून, पुसून टाकला.

"पाचव्या वर्षी मीही हेच केलं होतं," ते म्हणाले. "लांबची लेन्स माणसाला मोठं करते गं. जवळ नाही आणत."

मग त्यांनी तिच्या हातात अल्बम ठेवला. त्रेचाळीस वर्षांचे त्रेचाळीस फोटो. निळी साडी, करडी साडी, काळे केस, पांढरे केस. आणि सगळे आठ फुटांवरचे. तिने एकेक फोटो कोपऱ्यातून सोडवून उलटा केला. मागे पेन्सिलीने मास्तरांचं बारीक अक्षर होतं. आठ फूट. आठ फूट. सव्वीस वर्षं नुसतं आठ फूट. मग सात फूट सात इंच. मग सात फूट दोन. तिथून पुढे दर वर्षी थोडं थोडं कमी. ती या घरात आली त्या वर्षी मास्तर साडेपाच फुटांच्याही आत आले होते. शेवटच्या फोटोवर त्यांनी कालच लिहिलं होतं, थरथरत्या अक्षरात: एक वीत.

सतरा वर्षं. सतरा वर्षं हा माणूस दर वर्षी दार लावून घेत होता, बायको किती लांब गेली ते बघत होता, आणि कुणाला एका शब्दाने न सांगता तेवढं पुढे सरकत होता. आणि फोटो बघणाऱ्या कुणालाही, मुलालासुद्धा, आई जागची हललेली दिसली नव्हती. सुनेला भीती वाटत होती, पण तिच्याही वर तिला वाटलं, की एवढं नेमकं काम आपण जन्मात कुणाचं बघितलं नाही.

"कशामुळे होतं हे, बाबा?"

"मला ठाऊक नाही."

"आणि हिशेब कसा लागतो? तुम्ही पाच इंच सरकता, त्या कुठे किती..."

"लागत नाही हिशेब. मीही कागदावर करून बघितला, सोडून दिला. माझ्या पाच इंचांचं तिकडे काय होतं, कोण जाणे. पण तिला ते पोहोचतं. फोटो काढला की पुढे चार-सहा महिने ती बरी असते, लगेच ऐकते, लगेच बोलते. बघ तू."

"आणि पुढच्या वर्षी? आता तर वीतच उरलीय."

मास्तर थरथरणारा हात दुसऱ्या हाताने धरून बसले. "पुढच्या वर्षी कॅमेऱ्याने भागणार नाही," ते म्हणाले.

५

त्यांचं खरं ठरलं. काही महिने आई अगदी पूर्वीसारख्या होत्या. विनोद सांगायच्या, आणि त्यांचं हसू त्यांच्या तोंडातूनच यायचं. नवरा म्हणाला, "बघ, उगाच घाबरलो आपण." सुनेने काही सांगितलं नाही. काय सांगणार? तुझी आई शेजारच्या खोलीत आहे पण तिथे नाही?

उन्हाळ्यानंतर पुन्हा सुरू झालं. आधी एका घासाचं अंतर, मग दोन घासांचं. मग असं होऊ लागलं, की आईंना भाजीत मीठ बरोबर आहे का विचारावं, आणि उत्तर यावं ते पानं उचलल्यावर. आवाजही बारीक झाला, लांबलचक व्हरांड्याच्या पलीकडून आल्यासारखा. हात धरला तर हात ऊबदार, जिवंत. पण तो हात धरल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर उमटायलाही वेळ लागे. एकदा सुनेने त्यांना मिठी मारली आणि भांडी घासायला गेली. भांडी घासून ती परत आली तेव्हा आई दोन्ही हात पुढे करून, कुणाला तरी मिठीत घेऊन, एकट्याच बसल्या होत्या.

त्या दिवशी ती मोरीत तोंड धुऊन आली आणि मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, त्यांना कळतंय का?"

"तिला वाटतं आपण लांब चाललोय," मास्तर म्हणाले. "परवा मला म्हणाली, 'तुम्ही सगळे मिळून कुठे निघालात, मला सांगत का नाही?'"

मग त्यांनी पेपर उघडला आणि तो उलटा धरलाय हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

६

लग्नाच्या वाढदिवसाच्या सकाळी मास्तरांनी स्टुलाचे स्क्रू काढले. हाताला स्क्रूड्रायव्हर धरवत नव्हता तरी सुनेला हात लावू दिला नाही. त्या जागी त्यांनी बाहेरच्या खोलीतला दोघांचा बाक आणून ठेवला. आईंना डावीकडे बसवलं, स्वतः दाढी करून, कोट घालून उजवीकडे बसले. खांद्याला खांदा. बायकोचा हात त्यांनी हातात घेतला.

"पंच्याऐंशीची लाव," ते म्हणाले. "आठ फुटांवर उभी राहा. आज पुढे सरकायचं नाही. काहीही वाटलं तरी."

"का?"

"तू पुढे आलीस तर मी मागे वळून बघेन. मग पोहोचणार कसा?" आणि थोडं थांबून म्हणाले, "मी बसलो की दाब. त्याआधी नको. फोटो चांगला आला पाहिजे."

तिने डोळा लावला.

मास्तर आठ फुटांवर होते. डोकं, कोट, छाती, सगळं जिथल्या तिथे. त्यांच्या शेजारी बाकाचा रिकामा भाग होता. आणि त्याच्या मागे, फरशी संपायला हवी होती तिथून पुढे, आणखी फरशी होती. ती जात राहिली होती. तिच्या शेवटाला करड्या उजेडात एक निळा ठिपका होता. तो ठिपका म्हणजे साडी आहे हे तिला कळायला वेळ लागला.

मास्तर उठले.

तिने झटकन कॅमेऱ्यावरून समोर बघितलं. मास्तर बाकावर बसलेले होते, बायकोचा हात हातात घेऊन, निश्चल. तिने पुन्हा डोळा लावला. आत ते उठून उभे होते आणि पाठ करून चालायला लागले होते.

ते अधू गुडघ्यावर हेलकावत चालले होते, पण घाईत नव्हते. कोटाचा मागचा चुरगळलेला भाग दिसत होता. प्रत्येक पावलाला ते थोडे लहान होत होते. सुनेच्या हातात कडं होतं. ती त्यांच्याबरोबर फोकस सरकवत राहिली, दहा, पंधरा, तीस, त्यांची पाठ कधी धूसर होऊ दिली नाही. तिला तेवढंच करता येत होतं, आणि ते तिने जीव ओतून केलं.

मध्येच त्यांची चाल मंदावली. गुडघा धरून ते वाकले. तिचा पाय आपोआप उचलला गेला. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर ते दोघंही जवळ आले असते, हे तिच्या अंगाला कळत होतं. तिने उचललेला पाय होता तिथेच खाली ठेवला. पलीकडे ते पुन्हा सरळ झाले आणि चालू लागले.

दारावर टकटक झाली. "जेवायचं नाही का आज?" नवऱ्याने विचारलं. तिने डोळा न काढता हाताने थांब अशी खूण केली, बंद दाराला.

किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नाही. खिडकीचा उजेड पडद्यावरून सरकून कोपऱ्यात गेला होता. अखेर कडं आडव्या आठाला टेकलं, आणि तिथे, नखाएवढे मास्तर त्या निळ्या ठिपक्यापाशी पोहोचले. ठिपका जरासा डावीकडे सरकला. त्याने जागा करून दिली. मास्तर बसले, कोट खाली ओढला आणि तिच्याकडे तोंड केलं.

तिने बटण दाबलं.

कॅमेरा खाली घेतला तेव्हा दोघं बाकावर खांद्याला खांदा लावून बसले होते. मास्तरांचा उजवा हात थरथरत नव्हता.

"बाबा, झाला," ती म्हणाली.

दोघंही तिच्याकडे प्रेमाने बघत राहिले. उत्तर कुणीच दिलं नाही. तिने दार उघडलं, नवऱ्याला वाढायला घेतलं, त्याची अर्धी पोळी खाऊन झाली, तेव्हा स्टुडिओतून मास्तरांचा बारीक आवाज आला, "शाब्बास."

७

फोटो मोठा करून भिंतीवर लावला. नवरा त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. "किती छान आलेत दोघं," तो म्हणाला. "तरुण दिसतात. पण काय गं, एवढी मोठी खोली आपल्याकडे कुठे आहे?"

तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. मग तो आतल्या खोलीत गेला आणि दोघांच्या पायाशी बसून राहिला.

त्यानंतरचे दोन महिने घर फार शांत होतं, पण दुःखी नव्हतं. ती दोघं एकमेकांशी दिवसभर बोलत. त्यांच्यात काही अंतर नव्हतं. एकाचे ओठ थांबले की लगेच दुसऱ्याचे हलत, लगेच हसू. आवाज आपल्यापर्यंत येई तो कधी तासाने, कधी दुसऱ्या दिवशी. सून स्टुडिओत काम करत असताना आतून कालच्या गप्पा ऐकू येत: कोणता फोटो कुणी बिघडवला, कोणत्या नवरदेवाला घाम फुटला होता. तिला वाटायचं, एवढं सुखी जोडपं आपण कधी आठ फुटांवरून बघितलं नाही.

मग एका सकाळी दोघं उठली नाहीत. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेले. आधी कोण, ते त्यालाही सांगता आलं नाही.

सगळं उरकलं, नातेवाईक आले, गेले. चौथ्या दिवशी दुपारी ती आणि नवरा रिकाम्या खोलीत कपडे आवरत होती, तेव्हा आईंचा आवाज आला. बारीक, पण स्वच्छ. त्या कुठल्या तरी जुन्या फोटोवरच्या ठिपक्यांबद्दल बोलत होत्या. मग मास्तर हसले.

नवरा खाली बसला. तिने कपड्यांची घडी तशीच मांडीवर ठेवली. जे बोलून झालं होतं ते अजून वाटेत होतं, एवढंच त्यांना कळलं. दुसऱ्या दुपारीही ती दोघं तिथे येऊन बसली, तिसऱ्याही. काही शब्द यायचे, काही नुसती कुजबुज. अकराव्या दुपारी बराच वेळ काहीच आलं नाही. नवरा उठणार होता.

"अहो," आई म्हणाल्या. "ते बघा. तिकडून कोण येतंय?"

मास्तर डोळे बारीक करून बघत असावेत.

"आपला मुलगाच वाटतो," आई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद होता.

नवऱ्याने सुनेचा हात धरला. त्याच्या बोटांची हाडं तिला रुतत होती. भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके मोठे वाटू लागले. ती दोघं श्वास धरून त्या रिकाम्या पलंगाकडे बघत राहिली.

"तोच आहे," मास्तर शेवटी म्हणाले. पेपरातल्या चेहऱ्यावर बोट ठेवून बोलत, तसेच सावकाश, तसेच खात्रीने. "पण लांब आहे अजून. खूप लांब आहे. आत्ता नुसता दिसतोय."

नवऱ्याची पकड सैल झाली. त्याने तिच्याकडे बघितलं, तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. तिने मान हलवली. चेहरा ओळखण्यात कुणाचीही गफलत होऊ शकते. पण अंतराच्या बाबतीत मास्तर कधी चुकले नव्हते.